व्हिडिओसाठी मिररलेस कॅमेरा : खिशाला परवडणारी निवड कशी करावी?

अंतरपाट एकदाच दूर होतो. एकांकिकेचा प्रयोग, गाण्याची मैफल, घरातील वयोवृद्धांनी सांगितलेल्या आठवणी यांनाही दुसरा 'टेक' नसतो. त्या क्षणी कॅमेरा तापून बंद पडला, चेहऱ्याऐवजी मागच्या तोरणावर फोकस गेला किंवा ध्वनी घोगरा आला, तर नंतर कितीही पैसे खर्चून तो प्रसंग परत मिळवता येत नाही. त्यामुळे व्हिडिओसाठी कॅमेरा निवडताना चित्र किती सुंदर येते याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न असतो तो कॅमेरा ऐन वेळी दगा तर देणार नाही ना, हा. दुकानातील खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला '४के' हा शब्द या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ते उत्तर शोधायचे तर सूचनापुस्तिकेतील बारीक अक्षरांतला मजकूर वाचावा लागतो.

साधारण एक लाख रुपयांच्या आतबाहेर संपूर्ण संच उभा करू इच्छिणाऱ्या ग्राहकाने कोणत्या कसोट्या लावाव्यात, याचा हा आढावा.

आरसा गेला कशासाठी?

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर पडून वरच्या दृश्यदर्शकाकडे वळतो. छायाचित्र टिपताना आरसा क्षणभर वर उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पोहोचतो. व्हिडिओसाठी मात्र आरसा सतत वरच ठेवावा लागतो. साहजिकच दृश्यदर्शक काळोखा होतो आणि आरशाच्या आधाराने चालणारी फोकसची यंत्रणाही निरुपयोगी ठरते. म्हणजेच चित्रीकरणाच्या दृष्टीने आरसा हा अडथळाच होता.

२००८ हे वर्ष या क्षेत्रात निर्णायक ठरले. निकॉन डी९० हा व्हिडिओ टिपणारा पहिला डीएसएलआर कॅमेरा त्याच वर्षी आला. पाठोपाठ कॅननच्या ५डी मार्क २ ने फुल एचडी चित्रीकरणाची सोय दिली. त्याच वर्षी पॅनासोनिकने ल्युमिक्स जी१ हा आरसा नसलेला, पण लेन्स बदलता येणारा कॅमेरा बाजारात आणला. गंमत म्हणजे या जी१ मध्ये व्हिडिओची सोयच नव्हती. ती २००९ मधील जीएच१ मध्ये आली. २०१४ च्या जीएच४ ने ४के चित्रीकरण थेट कॅमेऱ्यातील कार्डावर उतरवले आणि मिररलेस कॅमेरा हे व्हिडिओ करणाऱ्यांचे हुकमी साधन बनले.

'४के'च्या मागे दडलेले

४के चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. फुल एचडीच्या तुलनेत ही संख्या बरोबर चौपट आहे. मात्र हे बिंदू सेन्सरच्या संपूर्ण रुंदीतून घेतले आहेत की केवळ मधल्या भागातून, यावर बरेच काही अवलंबून असते. मधलाच भाग वापरला तर दृश्याच्या कडा कापल्या जातात. बाजाराच्या भाषेत याला 'क्रॉप' म्हणतात.

कॅननचा ईओएस आर१०० हा २०२३ मध्ये आलेला कॅमेरा याचे बोलके उदाहरण आहे. किंमत कमी असल्याने तो अनेकांना मोहात पाडतो. त्याच्या किट लेन्सचे १८ मिमीचे टोक छायाचित्रणात फुल फ्रेमच्या २९ मिमीइतका रुंद आवाका देते. ४के सुरू करताच सुमारे दीडपट क्रॉप होतो आणि हाच आवाका ४५ मिमीच्या आसपास येतो. मुंबई-पुण्यातील दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवून उभे राहिले, तरी समोर बसलेली तीन माणसे चौकटीत मावणे कठीण जाते. शिवाय ४के मध्ये या कॅमेऱ्याची वेगवान 'ड्युअल पिक्सेल' फोकस यंत्रणा काम करत नाही आणि पडदाही बाहेर वळवता येत नाही. २०१८ च्या कॅनन एम५० मध्येही ४के बाबत क्रॉप आणि फोकसच्या अशाच मर्यादा होत्या. एम मालिका बंद झाल्याने आता तो प्रामुख्याने जुन्या बाजारातच दिसतो. हे दोन्ही कॅमेरे छायाचित्रांसाठी आणि फुल एचडीसाठी उपयुक्त आहेत. ४के साठी मात्र ते घेऊ नयेत.

याउलट कॅनन आर५० हा २०२३ मधीलच कॅमेरा सेन्सरची पूर्ण रुंदी वापरून अधिक तपशिलातून ४के चित्र घडवतो. २०२२ चा निकॉन झेड३० देखील ३० फ्रेमपर्यंतचे ४के चित्रीकरण क्रॉपशिवाय करतो. २०२१ च्या सोनी झेडव्ही-ई१० चे वर्तन फ्रेमच्या संख्येनुसार बदलते. २४ वा २५ फ्रेमला तो पूर्ण रुंदी वापरतो, ३० फ्रेमला मात्र सुमारे सव्वापट क्रॉप करतो.

आपल्याकडे २५ फ्रेमच का?

भारतात विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा आहे. त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण कॅमेऱ्याला जाणवते. सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंद शटर ठेवल्यास सभागृहातील चित्रात पट्टे सरकताना किंवा प्रकाश लुकलुकताना दिसू शकतो. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवले की प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याची बरोबर दोन आवर्तने मावतात आणि हा दोष बहुतांशी नाहीसा होतो. त्यासाठी मेनूत 'पाल' पद्धत निवडावी लागते. एक पैसाही खर्च न करता होणारी ही सुधारणा आहे. झेडव्ही-ई१० वापरणाऱ्यांना तर क्रॉप टळल्याचा लाभही आपोआप मिळतो.

शटर फ्रेमसंख्येच्या दुपटीच्या जवळ ठेवण्याचे आणखी एक कारण म्हणजे हालचाल डोळ्यांना सहज वाटते. मात्र एप्रिल-मेच्या उन्हात १/५० शटरवर चित्र पांढरेफटक पडते. अशा वेळी लेन्सवर काळ्या काचेचा 'एनडी' फिल्टर लावावा लागतो. खर्चाच्या यादीत तो आधीच धरलेला बरा.

किती वेळ सलग चालतो?

लग्ने, व्याख्याने आणि नाटके टिपणाऱ्यांसाठी ही सर्वांत महत्त्वाची कसोटी. पूर्वी बहुतेक कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबत. त्यामागे युरोपीय संघातील करआकारणीचे कारण होते. सलग अर्धा तास वा अधिक काळ मुद्रण करणाऱ्या यंत्राची गणना व्हिडिओ कॅमेऱ्यात होऊन त्यावर जास्त सीमाशुल्क बसत असे. ती मर्यादा आता बहुतेक नव्या कॅमेऱ्यांतून गेली आहे, तरी प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे. कॅनन आर५० एका तासाने थांबतो. निकॉन झेड३० ची कमाल मर्यादा १२५ मिनिटांची आहे. सोनी झेडव्ही-ई१० मध्ये अशी ठरावीक मर्यादा नाही.

अर्थात कागदावरची मर्यादा आणि प्रत्यक्षातील वेळ यांत फरक पडतो. सेन्सर आणि प्रक्रियेची चिप ४के टिपताना तापतात. या छोट्या कॅमेऱ्यांत पंखा नसतो. मांडवातल्या ३५-३८ अंश तापमानात, त्यातही वरून दिव्यांचा झोत असताना, कॅमेरा वेळेआधी बंद होण्याची शक्यता असते. सोनीच्या मेनूत तापमानामुळे बंद होण्याची पातळी 'हाय' करण्याची सोय आहे, तिचा अशा वेळी उपयोग होतो. पडदा बॉडीपासून बाहेर वळवून ठेवला तरी उष्णता निघून जायला मदत होते. एवढे करूनही मंगल कार्यासाठी एकाच कॅमेऱ्यावर विसंबू नये. दुसऱ्या कोपऱ्यात ट्रायपॉडवर फोन लावून ठेवला, तरी तो विम्याचे काम करतो.

बॅटरीचेही तसेच. झेडव्ही-ई१० मधील एनपी-एफडब्ल्यू५० ही बॅटरी जुनी आणि लहान आहे. २०२४ च्या झेडव्ही-ई१० मार्क २ मध्ये तिची जागा बऱ्याच मोठ्या एनपी-एफझेड१०० ने घेतली. कोणताही कॅमेरा घेतला तरी किमान एक जादा बॅटरी हवीच. चित्रीकरण चालू असताना यूएसबी-सी मधून वीज घेता येते का आणि त्यासाठी कोणती पॉवर बँक लागते, हेही विचारून घ्यावे.

फोकस आणि स्थिरता

एकट्याने काम करणाऱ्याला स्वयंचलित फोकसवर पूर्ण विश्वास टाकता आला पाहिजे. सेन्सरवरच 'फेज डिटेक्शन' पद्धती असलेले सोनी, कॅनन आणि निकॉनचे वर उल्लेखिलेले कॅमेरे चेहरा आणि डोळे ओळखून फोकस बऱ्यापैकी धरून ठेवतात. पॅनासोनिकने मात्र दीर्घकाळ केवळ 'कॉन्ट्रास्ट' पद्धतीवर भिस्त ठेवली होती. फेज डिटेक्शन त्यांच्याकडे २०२३ च्या एस५ मार्क २ पासून आले. त्यामुळे जुना जी८५ वापरताना फोकस मध्येच पुढेमागे हेलकावे खातो. ज्यांना हाताने फोकस करण्याची सवय आहे, त्यांना मात्र तो आजही सोयीचा वाटेल. कारण त्याच्या बॉडीतच सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा आहे.

ही यंत्रणा झेडव्ही-ई१०, आर५० आणि झेड३० या तिघांतही नाही. त्यांच्या किट लेन्समध्ये हादरे शोषण्याची सोय आहे. ती उभ्याने केलेल्या चित्रीकरणाला पुरते, चालताना पुरत नाही. इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण चालू केले तर कडा आणखी कापल्या जातात. मिरवणुकीत चालत चित्रीकरण करायचे असेल, तर गिंबल घ्यावा किंवा बॉडीतच स्थिरीकरण असलेला २०२० चा फुजीफिल्म एक्स-एस१० वापरलेल्या स्थितीत शोधावा.

आणखी एक दोष चालत्या दृश्यातच दिसतो. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. वाचनाचा वेग कमी असेल तर लोकलच्या खिडकीतून टिपलेले विजेचे खांब तिरके दिसतात. याला 'रोलिंग शटर' म्हणतात. झेडव्ही-ई१० मध्ये तो ठळकपणे जाणवतो. बैठ्या मुलाखतीत याने काही बिघडत नाही. नृत्य, खेळ आणि प्रवासाच्या दृश्यांत बिघडते.

कानांना विसरू नका

थोडे धूसर चित्र प्रेक्षक चालवून घेतो, न कळणारा आवाज मात्र तो सहन करत नाही. कॅमेऱ्यातील अंगभूत माइक खोलीतील घुमणारा आवाज, पंख्याची घरघर आणि लेन्सच्या मोटरचा नाद सारे सारख्याच निष्ठेने टिपतो. म्हणून ३.५ मिमीचे माइक जोडण्याचे छिद्र ही अट मानावी. ते झेडव्ही-ई१०, आर५० आणि झेड३० या तिघांतही आहे. आवाज नीट येतो आहे की नाही हे ऐकण्यासाठी लागणारे हेडफोनचे छिद्र मात्र यांपैकी केवळ झेडव्ही-ई१० मध्ये आहे. २०२५ मध्ये आलेल्या कॅनन आर५० व्ही मध्ये ते देण्यात आले. ज्यांचे काम मुलाखतींचे आहे, त्यांनी ही बाब हलकी मानू नये. वायरलेस कॉलर माइकची बॅटरी मध्येच संपली तर हेडफोन कानाला असल्याशिवाय ते कळत नाही.

रंग आणि बिट

आठ बिट व्हिडिओत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ छटा साठतात, तर दहा बिटमध्ये १०२४. संकलनाच्या वेळी रंग बरेच बदलायचे असतील किंवा 'लॉग' पद्धतीने सपाट चित्र टिपून नंतर रंगवायचे असेल, तर दहा बिट उपयोगी पडतात. आठ बिटमध्ये असे केल्यास संध्याकाळच्या आकाशात पट्टे उमटतात. झेडव्ही-ई१० आठ बिटांचा आहे. त्याचा मार्क २ आणि २०२४ चा निकॉन झेड५० मार्क २ दहा बिट देतात. टिपले तसेच दाखवायचे असेल, तर या सुविधेसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. शिवाय दहा बिट फायली जुन्या लॅपटॉपला पेलत नाहीत, हा खर्चही लक्षात घ्यायला हवा.

लेन्स : खरी गुंतवणूक

बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स त्याहून कितीतरी अधिक टिकते. म्हणून कॅमेरा निवडणे म्हणजे त्याचा माउंट निवडणे होय. सोनीच्या ई माउंटसाठी इतर कंपन्यांच्या स्वस्त लेन्स सर्वाधिक प्रमाणात मिळतात आणि जुन्या बाजारातही त्यांची रेलचेल आहे. निकॉनच्या झेड माउंटसाठी सिग्माच्या १६, ३० आणि ५६ मिमीच्या एफ १.४ लेन्स २०२३ मध्ये उपलब्ध झाल्या. कॅननने आपला आरएफ माउंट एपीएस-सी आकारासाठी सिग्मा आणि टॅमरॉनला २०२४ मध्ये खुला केला.

किट लेन्स उन्हात उत्तम काम करते. नाट्यगृहाच्या मंद प्रकाशात मात्र तिची दमछाक होते. झूम केल्यावर तिचे छिद्र एफ ५.६ किंवा त्याहूनही लहान होते. एफ १.४ ची लेन्स एफ ५.६ च्या सोळापट प्रकाश आत घेते. अंधुक चित्रणासाठी महागडी बॉडी घेण्यापूर्वी हे गणित मांडावे.

पैशांची वाटणी

एक लाख रुपयांतील सारी रक्कम बॉडीवर घालवणे ही नवख्यांची नेहमीची चूक. त्यापेक्षा ढोबळ वाटणी अशी करता येईल :

- बॉडी आणि किट लेन्स : ६५ हजार
- कॉलर माइक आणि हेडफोन : १० हजार
- ट्रायपॉड : ७ हजार
- एलईडी दिवा : ५ हजार
- कार्डे, जादा बॅटरी आणि एनडी फिल्टर : ८ हजार
- बॅग, हवाबंद डबा, किरकोळ : ५ हजार

कार्डाच्या बाबतीत काटकसर नको. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या व्हिडिओला तासाला ४५ जीबी जागा लागते. कार्डावर 'व्ही३०' हे चिन्ह असेल तर सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी मिळते आणि या कामाला ती पुरेशी आहे. बाजारात नकली कार्डे मुबलक असल्याने अधिकृत विक्रेत्याकडूनच ती घ्यावीत आणि महत्त्वाच्या कामापूर्वी एकदा पूर्ण भरून तपासावीत.

नवा की वापरलेला?

मुंबईतील फोर्ट भागातला बोरा बाजार काय किंवा अन्य शहरांतील कॅमेऱ्यांची दुकाने काय, एकाच मॉडेलच्या दोन किमती कानावर पडतात. एक 'बिलासह', दुसरी 'बिलाशिवाय'. डिजिटल कॅमेऱ्यांवरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तो चुकवण्याच्या मोहात भारतातील वॉरंटी हातची जाते. बिलावरील क्रमांक आणि बॉडीवरील क्रमांक जुळतो, हे दुकानातच पाहावे.

वापरलेला कॅमेरा घेताना पुढील गोष्टी तपासाव्यात.

- लेन्सवर झाकण ठेवून मिनिटभर व्हिडिओ टिपावा. काळ्या चित्रात रंगीत ठिपके चमकत असतील तर सेन्सर सदोष आहे.
- पांढऱ्या भिंतीवर एफ १६ ठेवून छायाचित्र घ्यावे. सेन्सरवरील डाग त्यात दिसतात.
- लेन्समधून टॉर्चचा प्रकाश टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का पाहावे. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत हा रोग सर्रास आढळतो.
- माइक जोडून पिन हलवावी. खरखर आली तर छिद्र सैल झाले आहे.
- शक्य असल्यास ४के मध्ये अर्धा तास सलग मुद्रण करून पाहावे.

घरी आणल्यावर पावसाळ्यात कॅमेरा कातडी बॅगेत न ठेवता सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा.

कोणी काय घ्यावे?

कॅमेऱ्यासमोर बसून बोलणाऱ्यांना आणि मुलाखती घेणाऱ्यांना झेडव्ही-ई१० पुरेसा आहे. हेडफोनचे छिद्र, वेळेची मर्यादा नसणे आणि स्वस्त लेन्स या त्याच्या जमेच्या बाजू. घरगुती समारंभ, प्रवास आणि थोडे छायाचित्रण अशी संमिश्र गरज असेल तर दृश्यदर्शक असलेला आर५० सोयीचा. मात्र त्याची एका तासाची मर्यादा आधीच ध्यानात घ्यावी. व्याख्याने आणि एकांकिका टिपणाऱ्यांनी झेड३० चा विचार करावा. त्याला दृश्यदर्शक नाही, पण ट्रायपॉडवर त्याची उणीव भासत नाही. लघुपट करून रंगांवर काम करू पाहणाऱ्यांनी थोडे थांबून, पैसे साठवून दहा बिट देणाऱ्या कॅमेऱ्याकडे वळावे.

आणि ज्यांच्याकडे बऱ्यापैकी फोन आहे, पण माइक, दिवा, ट्रायपॉड यांपैकी काहीच नाही, त्यांनी आधी ही तीन साधने घ्यावीत. स्टीव्हन सोडरबर्ग या दिग्दर्शकाने 'अनसेन' हा २०१८ चा चित्रपट आयफोन ७ प्लसवर चित्रित केला होता. फोनची मर्यादा कामात खरोखर आडवी येऊ लागेल, तेव्हा नेमके काय कमी पडते हेही कळलेले असेल. ती उणीव भरून काढणारा कॅमेरा मग घ्यावा. मुहूर्ताच्या किमान पंधरा दिवस आधी तो घरी आणून, तासभराचे सलग चित्रीकरण करून, आवाज ऐकून पाहावा आणि मगच मांडवात न्यावा.